स्थलांतरित आणि निर्वासित मुलींसाठी छोटी खासगी शाळा चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या देशात येऊन पोहोचलेल्या मुलींसाठी लहानशी शाळा काढावी, असा विचार निवृत्त शिक्षिका, स्वयंसेवी कार्यकर्ते आणि स्वतः निर्वासित म्हणून आलेल्या सुशिक्षित स्त्रिया नेहमी करतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. परवाने, करसवलती आणि शिक्षकांची पात्रता यांचे नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे त्या बाबतीत स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावाच लागेल. येथे भर आहे तो कोणत्याही देशात सारख्याच भेडसावणाऱ्या बाबींवर.

सरकारी शाळा उपलब्ध असताना या मुलींसाठी वेगळी शाळा कशाला हवी?

बहुतेक मुलींसाठी ती नकोच, हे आधी मान्य केलेले बरे. मायदेशात जिचे शिक्षण सलग चालू होते आणि जिला स्वतःच्या भाषेत सराईतपणे लिहिता-वाचता येते, तिला वयानुसार सरकारी शाळेत घालून भाषेची जादा शिकवणी दिली की ती साधारणपणे मार्गी लागते. अडचण होते ती वेगळ्या मुलींची. वय पंधरा, मधली पाच-सहा वर्षे छावणीत किंवा प्रवासात गेलेली, एकूण शिक्षण दोन इयत्तांचे, आणि वयाच्या नियमाने बसवायचे नववीत. तिथल्या नवागतांच्या भाषावर्गात विद्यार्थिनीला कोणती ना कोणती लिपी वाचता येते असे गृहीत धरलेले असते. ते गृहीतच चुकले की पुढचा सगळा अभ्यासक्रम तिच्या डोक्यावरून जातो. ती गप्प बसते, शिक्षकांना ती शांत आणि गुणी वाटते, आणि वर्ष-दीड वर्षात तिचे नाव पटावरून कमी होते.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या २०२३ च्या शिक्षणविषयक अहवालात निर्वासितांच्या पटनोंदणीचे प्रमाण प्राथमिक स्तरावर ६५ टक्के, माध्यमिक स्तरावर ४१ टक्के आणि उच्च शिक्षणात ६ टक्के असे दिले होते. गळतीची जागा या तीन आकड्यांत स्पष्ट दिसते. छोट्या शाळेने त्याच जागी काम करावे: दोन-तीन वर्षांत मुलीला वाचन, गणित आणि अभ्यासाची भाषा यांत इतके तयार करावे की ती नेहमीच्या शाळेत किंवा मान्यताप्राप्त परीक्षेत टिकेल. पुढची बहुतेक उत्तरे याच उद्दिष्टावरून ठरली आहेत. मुलगी आपल्याकडे किती वर्षे रमली यापेक्षा ती आपल्याकडून गेल्यावर टिकली का, याला आम्ही जास्त महत्त्व देतो.

फक्त मुलींची शाळा हा भेदभाव ठरत नाही का?

युनेस्कोच्या १९६० च्या शिक्षणातील भेदभावविरोधी करारात याचे उत्तर आहे. मुलगे आणि मुली यांच्यासाठी वेगळ्या शाळा असणे हा, राज्याने परवानगी दिली असेल तर, भेदभाव मानला जात नाही. मात्र दोघांना शिक्षणाची समतुल्य संधी, सारख्याच पात्रतेचे शिक्षक, सारख्याच दर्जाच्या इमारती व साधने आणि समान किंवा समतुल्य अभ्यासक्रम मिळाला पाहिजे. आपल्या देशाचा कायदा याहून कडक असू शकतो, तो तपासून घ्यावा.

यातली शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. मुलींची शाळा म्हटली की शिवण, स्वयंपाक आणि सौंदर्यप्रसाधन यांचे वर्ग सुचवणारे हितचिंतक भेटतात, आणि त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नसले तरी गणिताचा तास कापून असे वर्ग भरवणे म्हणजे करारातील अटीलाच हरताळ फासणे होय. शाळा एकाच देशातून किंवा एकाच धर्मातून आलेल्या मुलींपुरती ठेवू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. वर्गात चार-पाच भाषा असल्या की मुलींना परस्परांशी बोलण्यासाठी नवी भाषा वापरावीच लागते. एकाच भाषेचा मोठा गट असला की ती गरज उरत नाही.

सुरुवात किती मुलींपासून करावी?

तीस ते चाळीस मुली आणि एका वर्गात दहा-बारा, यापेक्षा मोठी सुरुवात करू नये. वर्ग वाचनाच्या पातळीनुसार पाडावेत, पण एका खोलीत वयाचे अंतर तीन-चार वर्षांपेक्षा जास्त होऊ देऊ नये, कारण अकरा वर्षांच्या मुलीशेजारी बसून अक्षरे गिरवणे सतरा वर्षांच्या मुलीला अपमानास्पद वाटते आणि ती दुसऱ्या आठवड्यापासून येत नाही.

नोंदणी आणि मान्यतेच्या बाबतीत आधी काय करावे?

आधी शेवट ठरवावा: आपल्याकडून बाहेर पडताना मुलीच्या हातात कोणता कागद असेल आणि तो पुढे कोण स्वीकारील? शाळेला स्वतःची मान्यता मिळवायची, मान्यताप्राप्त शाळेशी संलग्न व्हायचे, की मुलींना खासगीरीत्या परीक्षेला बसवायचे, असे साधारण तीन मार्ग असतात. पहिला मार्ग खर्चिक आणि वेळखाऊ आहे. लहान संस्थेने दुसऱ्या किंवा तिसऱ्या मार्गाने सुरुवात करणे व्यवहार्य ठरते. मान्यतेचा प्रश्न न सोडवता वरच्या इयत्ता उघडणे मात्र अयोग्य आहे, कारण त्यात मुलीची दोन वर्षे जातात आणि हाती काही लागत नाही.

विश्वस्त मंडळाची नोंदणी, इमारतीचा अग्निसुरक्षा दाखला, विमा, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि लेखी बालसंरक्षण धोरण या गोष्टी पहिली मुलगी दारातून आत येण्यापूर्वी पूर्ण असाव्यात.

कागदपत्रे नसलेल्या मुलीला प्रवेश देता येतो का?

बहुतेक ठिकाणी देता येतो, आणि द्यावा. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराच्या बाविसाव्या कलमानुसार प्राथमिक शिक्षणाच्या बाबतीत निर्वासितांना नागरिकांसारखीच वागणूक द्यायची असते. त्यापुढच्या शिक्षणात शक्य तितकी अनुकूल वागणूक द्यायची असते, आणि त्यात परदेशी प्रमाणपत्रांची मान्यता, शुल्कमाफी व शिष्यवृत्ती यांचाही उल्लेख आहे. जे देश या करारात सामील नाहीत त्यांनाही १९८९ चा बालहक्क करार सहसा लागू होतो, आणि त्याचे अठ्ठाविसावे कलम शिक्षणाचा हक्क प्रत्येक बालकाला देते. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांपैकी एकट्या अमेरिकेने बालहक्क कराराला अनुमती दिलेली नाही. पण तेथेही सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात असा निर्णय दिला की, वास्तव्याची कागदपत्रे नाहीत या कारणावरून राज्यांना मुलांना मोफत सरकारी शिक्षण नाकारता येणार नाही.

प्रवेश अर्जात वास्तव्याच्या दर्जाचा रकानाच ठेवू नये. पालक किंवा कायदेशीर पालकत्व कोणाकडे आहे, लसीकरण झाले आहे का, तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा आणि घरी कोणती भाषा बोलतात, एवढी माहिती पुरते. आई-वडिलांविना आलेल्या मुलीच्या बाबतीत पालकत्वाचा कागद अत्यावश्यक आहे. नातेवाईक म्हणवणाऱ्या व्यक्तीच्या शब्दावर प्रवेश देऊ नये. शासकीय अनुदानासाठी दर्जाची माहिती देणे भागच असेल, तर ती वेगळ्या कुलूपबंद फायलीत ठेवावी आणि ती कोण पाहू शकेल हे लेखी ठरवावे.

निम्म्या मुलींची जन्मतारीख १ जानेवारी कशी?

जन्मनोंद नसली की नोंदणी करणारे अधिकारी वर्ष अंदाजाने लिहितात आणि तारीख म्हणून १ जानेवारी टाकतात. त्यामुळे हजेरीपटावर एकाच दिवशी जन्मलेल्या अनेक मुली दिसल्या तर त्यात बनावट काही नाही. मात्र वर्षही अंदाजाचेच असल्यामुळे मुलीचे खरे वय कागदावरील वयापेक्षा दोन-तीन वर्षांनी कमी-जास्त असू शकते. दुसरे कारण दिनदर्शिकेचे आहे. अफगाणिस्तानातील जुन्या कागदांवर सौर हिजरी वर्ष असते. तिथले १३८९ हे वर्ष मार्च २०१० मध्ये सुरू झाले. इथिओपियाची दिनदर्शिका तेरा महिन्यांची असून वर्षाचा आकडा आपल्या नेहमीच्या वर्षापेक्षा सात-आठने मागे असतो. घाईघाईने केलेल्या रूपांतरात वर्ष इकडचे तिकडे होणे अगदी सहज घडते.

असे असले तरी शाळेने स्वतःच्या अंदाजाने तारीख बदलू नये. आश्रयाच्या अर्जात जी तारीख आहे तीच सर्व कागदांवर असणे मुलीच्या हिताचे असते, कारण दोन कागदांतील तफावत पुढे मुलाखतीत तिच्या विश्वासार्हतेवर येऊ शकते. दुरुस्ती करायचीच असेल तर ती वकिलामार्फत मूळ नोंदीपासून करावी.

नावांचेही तसेच. ब्रह्मदेशातील अनेक समाजांत आडनाव नसते, अफगाण मुलींना बऱ्याचदा एकच नाव असते, आणि अर्जातील आडनावाचा रकाना रिकामा राहिला की संगणक पुढे जाऊ देत नाही. अशा वेळी प्रवासाच्या कागदावर जे नाव जसे लिहिले आहे ते अक्षरशः तसेच उतरवून घ्यावे आणि हाक कोणत्या नावाने मारायची ते मुलीला विचारावे. उच्चार सोपा करण्यासाठी तिला नवे नाव देण्याची पद्धत काही शाळांत आजही दिसते; ती बंद व्हायला हवी.

मुलीला कोणत्या पातळीवर बसवायचे हे कसे ठरवावे?

प्रवेशाच्या दिवशी नव्या भाषेतील छापील चाचणी देणे निरुपयोगी आहे. तिला काय येत नाही एवढेच त्यातून कळते. आधी तिला स्वतःच्या भाषेत काही लिहायला सांगावे, तिच्या भाषेतील परिच्छेद मोठ्याने वाचायला द्यावा, आणि दुभाष्याने तो वाचताना ती अडखळते का एवढेच सांगावे. त्या भाषेचा एकही जाणकार हाताशी नसला तरी पेन कसे धरले आहे, ओळ किती सरळ आहे, लिहिण्याचा वेग किती आहे यावरून शाळेत गेलेला हात ओळखता येतो.

गणिताची चाचणी शब्दांविना, नुसत्या आकड्यांची असावी. पण आकड्यांतही एक खोच आहे. सीरिया, इराक, सुदान या देशांत शिकलेल्या मुलीच्या ओळखीच्या अंकलिपीत शून्य हा नुसता ठिपका असतो आणि पाचाचा आकडा गोल असतो. आपण फळ्यावर ५० लिहितो, तेव्हा त्यातले शून्य तिला पाच दिसते. सहाचा आकडाही नव्या लिपीतल्या सातासारखा भासतो. अशा मुलीने सोडवलेली बेरीज सर्व ठिकाणी चुकलेली दिसते, पण उत्तरे तिच्या लिपीत लावून पाहिली तर रीत अचूक असते. म्हणून चाचणीचा कागद दोन्ही अंकलिपींत तयार ठेवावा आणि कच्चे काम खोडायला लावू नये, कारण भागाकार मांडण्याची पद्धत देशागणिक वेगळी असते आणि मुलीला किती येते हे उत्तरापेक्षा त्या कच्च्या कामात जास्त दिसते.

पातळी ठरल्यावर ती दर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासावी. सुरुवातीच्या काळात या मुलींची प्रगती सारख्या वेगाने होत नाही. वाचनाचे कोडे एकदा सुटले की काही मुली एका सत्रात दोन पातळ्या चढतात, आणि त्यांना वर्षाखेरीपर्यंत त्याच वर्गात अडकवून ठेवण्याचे कारण नाही.

नवी भाषा किती काळात येते?

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत जो फरक दाखवला, तो येथे फार उपयोगी पडतो. रोजच्या बोलण्याइतकी भाषा साधारण दोन वर्षांत येते. पाठ्यपुस्तक समजून घेऊन त्यावर लिहिण्याइतकी भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात, आणि शिक्षण खंडित झालेले असेल तर त्याहूनही अधिक. देणगीदार, पाहुणे आणि कधी कधी शिक्षिकाही मुलीचे अस्खलित बोलणे ऐकून ती तयार झाली असे समजतात. तीच मुलगी विज्ञानाच्या पुस्तकातील ‘त्यामुळे’, ‘तथापि’, ‘च्या प्रमाणात’ अशा शब्दांपाशी अडते.

यावर उपाय म्हणजे भाषेचा वेगळा तास वाढवत नेण्याऐवजी प्रत्येक विषयाच्या तासाला त्या विषयाची भाषा शिकवणे. भूगोलाच्या शिक्षिकेने धड्याआधी आठ-दहा शब्द आणि दोन-तीन वाक्यरचना पक्क्या करून घ्याव्यात. नवागत मुलगी पहिले काही महिने बोलतच नाही असेही घडते. ती ऐकत असते, म्हणून तिला उभे करून बोलायला भाग पाडू नये. वाचनासाठी बालवर्गाची चित्रपुस्तके वापरण्याचा मोह टाळावा: अक्षरे सोपी पण विषय तिच्या वयाचे, असा मजकूर बाजारात कमी मिळतो आणि बराचसा शिक्षिकांनाच तयार करावा लागतो.

मग मातृभाषेचे काय?

ती वर्गात बोलायला बंदी घालू नये, एवढे तर नक्कीच. ज्या मुलीला मातृभाषेत वाचता येते तिची ती क्षमता नव्या भाषेच्या कामी येते, आणि जिला येत नाही तिला आठवड्यातून दोन तास जरी मातृभाषेतील वाचन शिकवता आले तरी घरातल्यांशी आणि मागे राहिलेल्यांशी पत्रव्यवहार तिच्या हाती येतो. मात्र हे प्रत्येक भाषेत सारखे सोपे नाही. सोमाली भाषेने १९७२ मध्ये रोमन लिपी अधिकृतपणे स्वीकारली, त्यामुळे तिथल्या मुलीला युरोपीय भाषांची अक्षरे परकी वाटत नाहीत; रोहिंग्या भाषा मात्र आजही एकापेक्षा अधिक लिपींत लिहिली जाते आणि शालेय पुस्तके जवळपास नाहीतच.

मानसिक आघातातून आलेल्या मुलींना कसे सांभाळावे?

प्रत्येक निर्वासित मुलगी मानसिक रुग्ण असते असे धरून चालू नये, आणि शिक्षिकेने समुपदेशक होण्याचा प्रयत्न करू नये. शाळेने द्यायची ती मुख्य गोष्ट म्हणजे ठरलेपणा: वेळापत्रक रोज तेच, शिक्षिका त्याच, बदल झाला तर आदल्या दिवशी सांगितलेला. ज्या मुलीच्या आयुष्यात काही वर्षे उद्याचा भरवसा नव्हता, तिला घंटा ठरल्या वेळी वाजण्याचाही आधार वाटतो.

बाकीची काळजी बारीकसारीक गोष्टींत घ्यावी लागते. उदाहरण म्हणून आग लागल्यास बाहेर पडण्याचा सराव घ्या. तो कायद्याने करावाच लागतो, आणि भोंगा अचानक वाजला तर काही मुली टेबलाखाली शिरतात, काही धावत रस्त्यावर जातात, काही जागच्या जागी थिजतात. म्हणून पहिल्या वेळी सराव भोंग्याविना करावा: चालत बाहेर जायचे, ठरलेल्या जागी उभे राहायचे, हजेरी, परत वर्गात. दुसऱ्या वेळी भोंग्याचा आवाज आधी ऐकवावा, तो कोण वाजवते आणि का हे दाखवावे, एखाद्या मुलीला स्वतः कळ दाबू द्यावी. त्यानंतरच खरा सराव. हे सगळे मुलींच्या भाषांत आधी समजावून सांगितलेले असले पाहिजे.

निबंधाचे विषय तपासून घ्यावेत. ‘माझे कुटुंब’, ‘माझा गाव’, ‘सुट्टीत मी काय केले’ हे विषय निरुपद्रवी वाटतात, पण कोणाच्या कुटुंबात आता किती माणसे उरली आहेत हे आपल्याला ठाऊक नसते. विषयांचा पर्याय नेहमी द्यावा. मुलगी आपण होऊन काही सांगू लागली तर ऐकावे, खोदून विचारू नये, आणि धोक्याची शंका असल्यास बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी कळवावे. झोप न लागणे, वर्गात सतत झापड येणे, वारंवार पोटात दुखणे अशी लक्षणे काही आठवडे टिकली तर तज्ज्ञाकडे पाठवावे. मात्र त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. फळा न दिसणारी मुलगी लक्ष देत नाही असा शेरा तिच्या प्रगतिपुस्तकावर सहज पडतो.

शिक्षिका कशा निवडाव्यात?

प्राथमिक शाळेत अक्षरओळख शिकवलेली शिक्षिका माध्यमिक विषयाच्या तज्ज्ञापेक्षा पहिल्या वर्षी अधिक मोलाची ठरते. मोठ्या वयाच्या मुलीला वाचायला शिकवणे हे वेगळे कौशल्य आहे आणि माध्यमिक शिक्षकांना ते सहसा शिकवलेले नसते. निर्वासित समाजातील किमान एक स्त्री पगारी कर्मचारी असावी, आणि तिला केवळ भाषांतरापुरते न ठेवता पालकसंपर्काचे पूर्ण पद द्यावे.

स्वयंसेवकांबद्दल थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. दर पंधरवड्याला नवा चेहरा आणणारा स्वयंसेवक मुलींच्या फायद्याचा नसतो. एका पूर्ण सत्राची बांधिलकी आणि पडताळणी नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. आपत्कालीन परिस्थितीतील शिक्षणासाठी काम करणाऱ्या आंतरसंस्था जाळ्याने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे सुधारलेल्या किमान मानकांत शिक्षकांची आचारसंहिता व त्यांना द्यायचा आधार यांचा विचार केलेला आहे. स्वतःचे नियम लिहिताना ती मानके समोर ठेवावीत.

पालकसभेत मुलीनेच भाषांतर केले तर चालेल का?

चालणार नाही. स्वतःच्या गैरहजेरीची तक्रार तिने स्वतः आईला कशी सांगायची? दूरध्वनीवरील दुभाषा सेवा घ्यावी किंवा त्याच समाजातील, पण त्या कुटुंबाच्या नात्यात नसलेली व्यक्ती शोधावी, आणि तिच्याकडून गोपनीयतेचा लेखी करार करून घ्यावा.

पालक मुलींना नियमित पाठवतील का?

शिक्षणाला विरोध असलेले पालक आमच्या समजुतीप्रमाणे अपवादानेच भेटतात. अडते ते व्यवहारात. शाळेपर्यंतचा रस्ता सुरक्षित आहे का, व्हॅनमध्ये सोबत कोण असते, स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅड कोणाकडे मागायचे, खेळाच्या तासाला अंगभर कपडे चालतील का, या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली की बहुतेक घरांचा होकार येतो. म्हणून पहिली भेट शाळेत बोलावून न घेता घरी जाऊन करावी, आणि आईबरोबरच घरात ज्याचा शब्द चालतो त्याच्याशीही बोलावे.

गैरहजेरीकडे बारकाईने पाहावे. ठरावीक वारी गैरहजर राहणारी मुलगी बहुधा आईला दवाखान्यात किंवा कचेरीत नेत असते, कारण घरात नवी भाषा तिलाच येते. तिथे दुभाषा मिळवून दिला की हजेरी सुधारते. रोज उशिरा येणारी मुलगी धाकट्या भावंडांना आधी पोहोचवत असते. शाळेची वेळ वीस मिनिटांनी पुढे ढकलणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. मात्र सोळा-सतरा वर्षांची मुलगी एकाएकी अबोल झाली, घरातून लांबच्या प्रवासाची बोलणी ऐकू येऊ लागली आणि परतीची तारीख कोणी सांगेना, तर लग्नाची शक्यता गृहीत धरावी. अशा वेळी समाजातल्या मध्यस्थांना घेऊन घरी बोलणी करायला जाऊ नये, त्याने धोका वाढतो. आधी मुलीशी एकटीशी बोलावे आणि लगेच बालसंरक्षण यंत्रणेला कळवावे.

शुल्क घ्यावे का, आणि पैसा कुठे खर्च होतो?

शुल्क घेऊ नये असे आमचे मत आहे. नाममात्र शुल्काने पालकांना शाळेची किंमत कळते हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण ज्या महिन्यात घरात पैसे नसतात त्या महिन्यात संकोचाने मुलगीच घरी ठेवली जाते. पालकांचा सहभाग वेळेच्या रूपाने घेता येतो.

खर्चाचा सर्वांत मोठा भाग पगाराचा असतो, आणि त्याखालोखाल जागेचे भाडे व वाहतूक यांचा. नव्या संस्थांच्या अंदाजपत्रकात वाहतुकीचा आकडा हमखास कमी धरलेला असतो. निर्वासित कुटुंबे स्वस्त भाड्याच्या शोधात घर बदलत राहतात आणि प्रत्येक वेळी व्हॅनचा मार्ग लांबतो. शिवाय देणगीदारांना संगणककक्ष आवडतो. व्हॅनच्या डिझेलवर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही. त्यामुळे विशिष्ट कामासाठीच्या देणग्या आणि मुक्त निधी यांचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत, आणि सहा महिन्यांच्या पगाराइतका राखीव निधी साठेपर्यंत दुसरा वर्ग वाढवू नये.

देणगीदार मुलींच्या कहाण्या आणि छायाचित्रे मागतात. काय करावे?

नकार देण्याचे धोरण आधीच लेखी असावे, म्हणजे तो नकार व्यक्तिगत ठरत नाही. ज्या कुटुंबाचा आश्रयाचा अर्ज प्रलंबित आहे त्याच्या कहाणीतला एखादा तपशील अर्जातील नोंदीशी जुळला नाही तर त्याचे परिणाम गंभीर असू शकतात, आणि मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्रास होऊ शकतो. नाव बदलले तरी लहान समाजात वय, देश आणि भावंडांची संख्या एवढ्यावरून मुलगी ओळखू येते. चौदाव्या वर्षी दिलेली संमती विसाव्या वर्षी नोकरी शोधताना नकोशी होते, पण तोवर छायाचित्र सर्वत्र पसरलेले असते.

देणगीदारांना देण्यासारखे दुसरे पुष्कळ आहे: वाचनपातळीतील बदल, हजेरी, किती मुली पुढच्या शाळेत गेल्या आणि वर्षभराने त्यांतल्या किती टिकून होत्या. दुःखाच्या वर्णनाशिवाय पैसे देणार नाही असे म्हणणारा देणगीदार गेला तरी शाळा चालते.

शाळेला वसतिगृह जोडावे का?

नाही. ती सर्वस्वी वेगळी जबाबदारी आहे, आणि लहान शाळेच्या आवाक्याबाहेरची.

मुलीला मोठ्या शाळेत कधी पाठवावे?

वयाच्या मानाने दोन इयत्तांच्या अंतरापर्यंत वाचन आले आणि पाठ्यपुस्तकातील एक पान तिने मदतीविना वाचून त्याचा सारांश लिहिला, की ती तयार आहे असे समजावे. तीन वर्षांपेक्षा जास्त काळ कोणतीही मुलगी ठेवू नये. शिक्षिकांना मुलींचा लळा लागतो, मुलींनाही बाहेरच्या मोठ्या शाळेची धास्ती असते, आणि दोन्ही बाजूंनी ‘अजून एक सत्र’ अशी मागणी येते. ती प्रत्येक वेळी मान्य केली तर शाळा हळूहळू आडोसा बनते. जाण्याआधी एक सत्र आठवड्यातून एक दिवस नव्या शाळेत बसण्याची व्यवस्था करावी, आणि गेल्यानंतर किमान एक वर्ष संध्याकाळचा अभ्यासवर्ग तिच्यासाठी खुला ठेवावा.

जिचे वय शाळेच्या नियमांत बसत नाही तिच्यासाठी प्रौढ शिक्षणाची परीक्षा आणि व्यवसाय शिक्षण हे रस्ते आधीच पाहून ठेवावेत. उच्च शिक्षणाच्या बाबतीत युरोपातील देशांना १९९७ च्या लिस्बन मान्यता करारानुसार कागदपत्रे गमावलेल्या निर्वासितांच्या पात्रतेचे मूल्यमापन करण्याची कार्यपद्धती आखावी लागते, आणि निर्वासित उच्चायुक्तालयामार्फत १९९२ पासून डाफी शिष्यवृत्ती दिली जाते. या संधींची मुदत चुकू नये म्हणून एका शिक्षिकेकडे हे काम नेमून द्यावे.

निधी संपून शाळा बंद करावी लागली तर?

हा प्रश्न सुरुवातीलाच विचारणारे थोडे असतात, पण विश्वस्त मंडळाच्या पहिल्या बैठकीत त्याचे उत्तर लिहून ठेवावे. शाळा सत्राच्या मध्यावर बंद करू नये. राखीव निधी त्यासाठीच असतो. प्रत्येक मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, वाचन व गणिताच्या पातळीचा अहवाल आणि हजेरीची नोंद यांच्या तीन प्रती कराव्यात: एक कुटुंबाकडे, एक पुढच्या शाळेकडे आणि एक अशा संस्थेकडे जी दहा वर्षांनंतरही सापडेल. घर बदलताना या कुटुंबांचे कागद हरवतात, आणि बंद पडलेल्या शाळेत चौकशीला कोणी नसते. समुपदेशनाच्या आणि वास्तव्यविषयक नोंदी मात्र कायद्याने ठेवणे बंधनकारक नसेल तर मुलीच्या संमतीने नष्ट कराव्यात. शेवटच्या महिन्यात प्रत्येक मुलीचे नाव पुढच्या शाळेच्या पटावर चढले आहे याची खात्री प्रत्यक्ष जाऊन करावी, फोनवरील होकारावर विसंबू नये.